डावे मडगार्ड, तीन सूत खाली

घरी सुटे भाग जोडून बनवायच्या गाडीचे किट निवडायला माणसाला किती वेळ लागावा? कॉव्हेंट्रीतली बहुतेक मंडळी एका रविवारी किटगाड्यांच्या मेळ्याला जात, पत्रके गोळा करत आणि पुढच्या रविवारच्या आत मागणी नोंदवून मोकळी होत. विल्फ्रेड ट्रँटर यांना अकरा वर्षे झाली होती, आणि निवड अजून व्हायची होती.

त्यांची निवड एका जाड निळ्या फाइलीत राहत असे. पहिला उभा रकाना 'मूळ गाडी'चा, पुढचे एकेका उत्पादकाचे. आडव्या ओळी सव्वीस: चासीची, म्हणजे खालच्या सांगाड्याची, जोडणी कशी आहे, भंगारातल्या कोणत्या गाडीचे इंजिन तिच्यात बसते, फायबरग्लासची जाडी सगळीकडे सारखी आहे का, दारे पहिल्याच फटक्यात बंद होतात का, सूचनापुस्तक लिहिणाऱ्याने स्वतः कधी पाना हातात धरला असावा का. सव्विसाव्या ओळीत विचारले होते, 'दोन माणसे लागतात का?' कारण बॉडी उचलून चासीवर उतरवणे एकट्याचे काम नव्हते, हे सगळ्याच सूचनापुस्तकांत ठळक अक्षरांत छापलेले होते. ट्रँटर यांनी त्या ओळीत प्रत्येक उत्पादकापुढे 'होय' लिहिले होते. दुसरा माणूस कोण, हे कुठेच लिहिले नव्हते.

"विल्फ, त्या तक्त्यालाच चाकं लाव," एनिड, त्यांची बायको, म्हणायची. "निदान बाजारापर्यंत तरी जाऊन येऊ."

"घाईने घेतलेली गाडी आयुष्यभर डोळ्यांत खुपते."

"आयुष्य उरलंय किती, तेही मोजून ठेव म्हणजे झालं. अडुसष्टचा झालास."

गाडी कोणती, याबद्दल मात्र ट्रँटर यांच्या मनात कधीच किंतु नव्हता. आर्डली. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, हाताने ठोकलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. १९५९ आणि १९६० या दोन वर्षांत, याच शहरातल्या कालव्याकाठच्या कारखान्यात, अशा सत्त्याऐंशी गाड्या तयार झाल्या. मग कारखाना बुडाला. आता मूळ आर्डली विकत घ्यायची तर अख्खी गल्ली विकावी लागली असती. म्हणून नकला निघाल्या. नळ्यांची चासी आणि फायबरग्लासची बॉडी घ्यायची, बाकीचे भंगारातून आणायचे आणि घरच्या गॅरेजात जोडायचे.

ट्रँटर यांना हीच गाडी हवी होती याचे कारण साधे होते. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर त्यांची पहिली नोकरी त्याच कारखान्यात, तपासणी विभागात लागली. वर्तुळात एकतीस आकडा असलेला पोलादी शिक्का त्यांना चोविसाव्या वर्षी मिळाला होता. ज्या बॉडीवर तो ठोकायचा ती बॉडी बिनचूक, असा त्याचा अर्थ. नंतर त्यांनी तीन मोठ्या कारखान्यांत नोकरी केली आणि मुख्य तपासनीस म्हणून निवृत्त झाले. पण तो शिक्का त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात, तेल लावलेल्या फडक्यात, अजून होता.

आणि दुसरे कारण होते सिरिल बिसेल.

सिरिल त्याच कारखान्यात पत्रा ठोकायचा. पत्र्यावरून एकदा अंगठा फिरवला की कुठे फुगवटा आहे ते सांगायचा. तिथेच एके दिवशी धातूचा कण उडून त्याचा डावा डोळा गेला. कारखाना बुडाल्यावरही दोघांची मैत्री टिकली, आणि अठरा वर्षांनी, १९७८ साली, आर्डलीची नक्कल विकायला काढावी ही कल्पना दोघांना एकाच पबमध्ये, एकाच टेबलावर सुचली. फायबरग्लासच्या बॉडीला साचा लागतो, आणि साच्यासाठी आधी पूर्ण आकाराचा नमुना घडवावा लागतो. सिरिलने एका डॉक्टरची मूळ आर्डली दोन दिवसांसाठी मागून आणली, ओळंबा आणि दोरी घेऊन तिचे माप घेतले, आणि पुढचे चौदा महिने आपल्या शेडमध्ये प्लायवूड, प्लास्टर आणि पुट्टी यांतून तो नमुना घडवला.

तो पुरा झाला त्या दिवशी ट्रँटर कारखान्याच्या मूळ ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन गेले. पाणसळ लावली. उंची घेतली. पुन्हा घेतली. फरक सेंटिमीटरभरही नव्हता, पण होता.

"डावं मडगार्ड उजव्यापेक्षा तीन सूत खाली आहे."

"आहे," सिरिल म्हणाला. "गाडीचंच तसं आहे."

"गाडीचं तसं असूच शकत नाही. ड्रॉइंगमध्ये दोन्ही सारखी आहेत."

"मी ड्रॉइंग नाही मोजलं, विल्फ. पत्रा मोजला."

"तो पत्रा माझ्या हाताखालून गेलाय. त्याच्यावर शिक्का माझा आहे. वाकडी बॉडी मी पास केली असती?"

सिरिल फडक्याने हात पुसू लागला. त्याची बायको डोरीन चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. आणि ट्रँटर यांनी, चौदा महिन्यांच्या कामाला शिक्का मिळणार नाही हे सिद्ध करताना, शेवटचा पुरावा म्हणून ते वाक्य उच्चारले:

"डाव्या डोळ्याने दिसत नाही, तर डावी बाजू खाली बसणारच."

त्यानंतर चोवीस वर्षे दोघांची भेट नव्हती. सिरिलने तो नमुना एका जुन्या लेथच्या बदल्यात लेस्टरच्या एका माणसाला देऊन टाकल्याचे कानावर आले होते. निवृत्तीच्या थोडे आधी ट्रँटर पहिल्यांदा किट पाहायला गेले, तेव्हा त्यांनी लेस्टरवाल्याच्या बॉडीला पाणसळ लावली. तीन सूत. मग डार्बीवाल्याच्या. तीन सूत. मग टेलफर्डवाल्याच्या. तीन सूत. पहिल्याच्या बॉडीवरून दुसऱ्याने साचा काढला होता, दुसऱ्याच्या बॉडीवरून तिसऱ्याने. या धंद्यात हे चालतेच. तिन्ही रकान्यांत ट्रँटर यांनी लाल शाईने 'नापास' लिहिले, आणि ते लिहिताना त्यांना जे वाटले त्याला समाधानाखेरीज दुसरा शब्द नव्हता. सिरिलची चूक तीन गावांत विकली जात होती. दरवर्षी मेळ्यात जाऊन ते ती पुन्हा मोजत. तीन सूत, दरवर्षी तीन सूत.

अकराव्या वर्षी चौथ्या उत्पादकाचा रकाना भरला. श्रूजबरीजवळच्या एका नव्या कंपनीने आर्डली काढली होती. मेळ्याच्या आदल्या आठवड्यात त्यांचे पत्रक आले: 'मूळ कारखान्याच्या ड्रॉइंगवरून, संगणकाच्या साहाय्याने.' ट्रँटर यांनी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर एनिडसमोर ठेवले.

"सरळ आहे. डावी-उजवी केसाचाही फरक नसणार."

"म्हणजे ठरलं?"

"रविवारी माझ्या हाताने मोजतो. मग ठरलं."

एनिडने पत्रक पाहिले, मग फाइल उघडून तक्ता पाहिला. ती वाण्याच्या दुकानात तीस वर्षे हिशेबाला होती. रिकामा चौकोन तिच्या नजरेतून सुटत नसे. "या पहिल्या रकान्यात 'मूळ गाडी' लिहिलंयस. ही मापं कुठली?"

"ड्रॉइंगमधली."

"मग 'ड्रॉइंग' लिही. मूळ गाडी तू कधी मोजलीस?"

"मीच तपासल्यात त्या."

"ते ऐकलंय. मी विचारते, मोजलीस कधी?"

ट्रँटर यांनी फाइल मिटली. प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणूनच तो त्यांना आवडला नाही.

मेळ्यात श्रूजबरीवाल्याचा तंबू मध्यभागी होता. मालक तिशीतला, गुळगुळीत दाढी केलेला, उत्साही. ट्रँटर यांनी पिशवीतून पाणसळ, ओळंबा आणि उंचीमापक काढले तेव्हा त्याला हसू आले, पण त्याने अडवले नाही.

"करा, करा. आमची कुणीही मोजावी."

डावी, उजवी. फरक शून्य. ट्रँटर यांनी फूटपट्टीने ओळ आखून नोंद केली.

"बाकीचे तिघं वाकड्या गाड्या विकतात," मालक म्हणाला. "का ते देव जाणे."

"मला माहीत आहे का ते."

"मग फॉर्म भरायचा का, साहेब?"

त्यांनी पेनाचे टोपण काढले. फॉर्मच्या सुरुवातीला नाव, पत्ता, फोन. आणि मग, तक्त्यातल्या पहिल्या रकान्यावरचे शीर्षक खोटे राहू नये एवढ्यासाठीच, ते म्हणाले, "अर्ध्या तासात येतो."

मैदानाच्या टोकाला, गवतावर, जुन्या गाड्यांच्या क्लबने दोन मूळ आर्डली उभ्या केल्या होत्या. हिरवी गाडी मिसेस फॅरो नावाच्या सत्तरीच्या बाईंची. त्या घडीच्या खुर्चीवर बसून सँडविच खात होत्या.

"मोजू का?" ट्रँटर यांनी विचारले.

"मोजा की. मात्र बॉनेटवर काही ठेवू नका. माझ्या नवऱ्यालासुद्धा परवानगी नव्हती."

जमीन उताराची होती. ट्रँटर यांनी बरोबर आणलेल्या फळ्या चाकांखाली घालून पाणसळ साधली. त्यात वीस मिनिटे गेली. उजवे मडगार्ड. डावे मडगार्ड. ते परत उजवीकडे गेले. परत डावीकडे आले. टायरमधली हवा तपासली. स्प्रिंग बसली असेल म्हणून चासीपासून वेगळे माप घेतले.

तीन सूत.

"सापडलं का?" मिसेस फॅरो मागून म्हणाल्या. "डोळा मारते ती. सगळ्याच मारतात. कारखान्यात ज्या लाकडी ठोकळ्यावर पत्रा ठोकायचे ना, तो म्हणे वाफेच्या नळाशेजारी होता. एका बाजूने वाळून बसला. आमच्या क्लबात नक्कल ओळखायची तर पहिली खूण हीच. सरळ दिसली की समजायचं, ही खोटी."

ट्रँटर यांनी दुसरी, लाल गाडी मोजली. अडीच सूत.

"आणि हे बघा," मिसेस फॅरोंनी बॉनेट उचलले. आडव्या पत्र्यावर, रंगाखाली, वर्तुळातला एकतीस स्पष्ट दिसत होता. "हा एकतीस नंबर कोण होता, कुणालाच ठाऊक नाही. पण मारलाय किती सुबक! जवळजवळ प्रत्येक गाडीवर आहे, आणि एकही शिक्का तिरपा नाही."

ट्रँटर यांनी मान हलवली. आपण कोण हे त्यांनी सांगितले नाही.

त्यांना आठवले, आणि आठवले तेही शिस्तीत. नियम असा होता: नव्या ठोकळ्यावरची पहिली बॉडी संपूर्ण मोजायची. ती ड्रॉइंगप्रमाणे निघाली की पुढच्या बॉडींची फक्त बिजागऱ्या आणि बोल्टची भोके तपासायची. पहिली बॉडी त्यांनी संगमरवरासारख्या सपाट पोलादी टेबलावर दीड दिवस मोजली होती. ती सरळच होती. मग हिवाळा आला, नळ तापले, ठोकळा वाळला. बाकीच्या शहाऐंशींवर त्यांनी भोके तपासून शिक्का मारला. नियमाप्रमाणे. नियमात चूक शोधायला ते बराच वेळ फळीवर बसून राहिले. नियमात चूक नव्हती. फक्त १९७९ साली सिरिलच्या शेडमध्ये उभे राहून त्यांनी ज्या शिक्क्याची शपथ घेतली, त्याच्यामागे मोजमाप नव्हते.

श्रूजबरीवाल्याचा फॉर्म तसाच राहिला.

पुढच्या बुधवारी ते जवळच्या ननीटन गावी सिरिलच्या घरी गेले. सोबत एक कागद होता, स्वच्छ अक्षरात लिहिलेला. सिरिल मागच्या बागेत घेवड्याच्या वेलांसाठी बांबू रोवत होता. त्याने मान वळवून उजव्या डोळ्याने पाहिले आणि सुतळीची गाठ पुरी केली.

"डोरीन गेल्याचं कळलं," ट्रँटर म्हणाले.

"सहा वर्षं झाली. उशिरा कळलं वाटतं."

"तेव्हाच कळलं होतं."

"हं." सिरिलने दुसरा बांबू उचलला. बसायला सांगितले नाही. चहाचे तर नावही काढले नाही, आणि त्या गावात दारात आलेल्या पोस्टमनलाही चहा विचारतात.

"सिरिल, मी मूळ गाडी मोजली. रविवारी. दोन मोजल्या."

"किती?"

"एक तीन सूत. एक अडीच."

"मी तीन धरलं होतं."

"बरोबर धरलं होतंस." ट्रँटर यांनी कागद पुढे केला. "सगळं लिहिलंय यात. दोन्ही गाड्या, प्रत्येक माप दोनदा. दिवस, वेळ, तापमान."

"तापमान!" सिरिल हसला, ते हसणे चांगले नव्हते. "चोवीस वर्षांनी माणूस दारात उभा राहतो नि तापमान सांगतो. किती होतं रे?"

"सोळा अंश."

"आत्ता जीव भांड्यात पडला बघ."

कागद ट्रँटर यांच्याच हातात राहिला. "मी लेस्टरवाल्याची बॉडी घेणार आहे. म्हणजे तुझीच. आपण दोघं जोडू. माझं गॅरेज मोकळं आहे, हत्यारं आहेत. दोन माणसं लागतातच."

"माझी काय म्हणून? तिच्यावर माझं नाव नाही. तुझा शिक्का आहे का बघ, तो सगळीकडे असतो."

"मला शिक्क्याचं कळलं, सिरिल. मी फक्त पहिलीच मोजली होती."

"ते मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो तर होतो, पत्रा मोजलाय म्हणून. आणखी काय बोलायचं? तू खोटा शिक्का मारलास असं? बायकोदेखत? ते तुला जमतं, मला नाही जमत." सिरिलने बांबू जमिनीत दाबला. "एक सांग. रविवारी ती गाडी सरळ निघाली असती तर?"

ट्रँटर यांनी कागदाची घडी घातली.

"सांग की. सरळ निघाली असती, तर आलास असतास?"

खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती. गाडी सरळ निघाली असती, तर त्यांनी अर्ध्या तासात श्रूजबरीवाल्याचा फॉर्म भरला असता आणि बुधवारी या बागेत कुणीही आले नसते.

"नसतो आलो."

"तेवढं खरं बोललास. बरं झालं." सिरिलने सुतळीचा गुंडा खिशात टाकला. "मला वाटलं होतं, येशील कधीतरी. डोरीनलाही वाटायचं. म्हणायची, विल्फ हट्टी आहे पण दुष्ट नाही, येईल. गाडी वाकडी असो की सरळ, त्या बोलण्यासाठी येईल. आणि तू आलास तो मडगार्डसाठी."

"त्या दिवशी मी जे बोललो..."

"काय बोललास?"

बागेत शेजारच्या रेडिओचा आवाज येत होता. ट्रँटर यांचे ओठ हलले. ते वाक्य त्यांना शब्दन्‌शब्द पाठ होते. चोवीस वर्षे ते त्यांच्याजवळ होते, खणातल्या शिक्क्यासारखे. पण ते पुन्हा तोंडातून काढल्याशिवाय मागे घेता येत नव्हते, आणि या उजेडात, त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत, ते काढता येईना.

"काढ की तोंडातून," सिरिल म्हणाला. "नाही तर त्या कागदावर बघ. कितव्या ओळीत आहे?"

मग त्यानेच फाटकाकडे बोट केले. "जा, विल्फ. मला बांबू संपवायचे आहेत. आणि ऐक, तू ती सरळवालीच घे. तुला हवी असलेली गाडी कारखान्याने कधी बनवलीच नाही; आता बनवलीय कुणीतरी, तर घे."

घरी आल्यावर एनिडने त्यांना खुर्ची ओढून दिली. चहा ओतला, बिस्किटांचा डबा पुढे केला, आणि त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिले. मग म्हणाली, "येणार नाही ना तो?"

"त्याला बागेचं काम आहे."

"बागेला सप्टेंबरात सुट्टी असते."

ट्रँटर यांनी चहा संपवला. ते उठून टेबलापाशी गेले, तक्ता उघडला, 'मूळ गाडी' या रकान्यातली सगळी मापे खोडून नवी लिहिली, आणि लेस्टरवाल्याला पत्र लिहायला घेतले.

बॉडी सप्टेंबरात आली. टेम्पोतून दोन माणसे उतरली, एक टकला, एक लठ्ठ, आणि त्यांनी ती पांढरी, चकचकीत, पोकळ बॉडी अलगद उचलून गॅरेजातल्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवली. शेजारी चासी महिनाभर आधीच आली होती. ट्रँटर यांनी तिच्यावर इंजिन आणि मागच्या चाकांचा आस बसवून ठेवले होते. जे एकट्याने करता येत होते ते सगळे झाले होते.

"सही करा, साहेब. माल चांगल्या स्थितीत मिळाला म्हणून," टकला म्हणाला.

"थांबा."

ट्रँटर यांनी पाणसळ लावली, उंचीमापक आणले. उजवे, डावे, उजवे, डावे. दोघे भिंतीला टेकून उभे राहिले. लठ्ठ्याने घड्याळ पाहिले.

"डावीकडे जरा बसलीय का हो?" तो म्हणाला. "मला तर नुसत्या डोळ्यांनीच दिसतंय. तक्रार लिहायची असेल तर खाली जागा आहे."

"तक्रार नाही. तिथे तसंच असायला हवं."

त्यांनी सही केली. टकल्याने कागदाची प्रत फाडून दिली, निघताना चासीकडे पाहिले आणि दारात थांबला.

"ही चढवणार कशी? एकट्याच्या बापाच्यानं होणार नाही हे. आम्ही दोघं आहोत तोवर ठेवून देऊ का? पाच मिनिटांचं काम."

एनिड स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने नवऱ्याकडे पाहिले.

"नको," ट्रँटर म्हणाले. "दुसरा माणूस यायचा आहे."

"नक्की? आज येतोय?"

"येईल."

टेम्पो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ट्रँटर दारात उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी बॉडीवर जुनी चादर पसरली, तिची चारही टोके मोजून सारखी केली, आणि गॅरेजचे दार ओढून घेतले.